धनीबाई आणि न रडणारं बाळ

धनीबाई आडे वाघापूरच्या त्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा बाळाच्या रडण्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता. चप्पल काढता काढता ती थांबली, कान देऊन ऐकलं, आणि दार उघडायला आलेल्या शुभदाताईंना म्हणाली, "पोटात धरलं वाटते लेकराले. कवापासून रडून राह्यलं?"

"जन्मल्यापासून," शुभदाताई म्हणाल्या.

त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. ऋचा जन्मली तेव्हापासून घरात कुणी सलग झोपलं नव्हतं. शुभदाताई निवृत्त शिक्षिका, त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मुलगा श्रेयस वीज कंपनीत इंजिनीअर, दिवसभर लाइनवर. सून भैरवी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायची. तिचं सिझर झालेलं. माहेर अमरावतीचं, पण वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आईला येता येत नव्हतं. बाळंतपण सासरीच करावं लागलं. टाक्यांची ओढ, छातीत दाटलेलं दूध आणि कानात सतत रडणं. एका दुपारी भैरवी बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडून फरशीवर बसून राहिली, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. शुभदाताईंनी ते पाहिलं आणि त्याच दिवशी ओळखीपाळखीत फोन फिरवले. पुसदच्या कुणीतरी धनीबाईचं नाव सुचवलं.

धनीबाई दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. उंच, हाडापेरानं मजबूत, हनुवटीवर गोंदलेलं. तरुणपणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. फडावरच तापानं नवरा गेला, तेव्हा मुलगा भावसिंग कडेवर होता. त्यानंतर तिनं कोयता धरला नाही. पुसदला एका घरी बाळंतिणीच्या हाताखाली लागली आणि मग तेच तिचं काम झालं. एका घरचं लेकरू बसायला लागलं की दुसऱ्या घरचा निरोप येई. किती लेकरं हातून गेली ते ती मोजत नसे, पण कोणतं कानाची पाळी धरून झोपायचं आणि कोणाला दिवा मालवलेला चालायचा नाही, हे तिला आठवे. मोठी झाल्यावर ती कुणाला भेटायला गेली नाही. "पाय फुटले का लेकरू त्यायचं," म्हणायची.

तिनं ऋचाला पायांवर घेतलं, तेल जिरवलं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकलं. भैरवीला म्हणाली, "तुमी झोपा ताई. मी हाओ."

आणि आठवडाभरात घर शांत झालं.

हे इतकं अचानक झालं की सगळे हळू आवाजात बोलत राहिले, जणू जोरात बोललं तर ते मोडेल. श्रेयस जेवताना पुन्हा ऑफिसच्या गोष्टी सांगू लागला. शुभदाताईंनी शेजारच्या बायकांना बोलावून धनीबाई दाखवली. भैरवी तर पहिल्या दिवसांत तिच्याकडे पाहून उगाचच डोळे पुसायची. धनीबाई तिला डिंकाचा लाडू हातात देऊन समोर बसायची, तो संपेपर्यंत उठायची नाही. भैरवीच्या केसांतून फणी फिरवताना तांड्यावरच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटायची. भैरवीनं अर्थ विचारला तर हसून म्हणाली, "माह्या याडीचं, मायचं बोलणं होये ते. मले बी पुरं समजत नाई."

संशय कोणत्या दिवशी आला, हे भैरवीला नंतरही सांगता आलं नाही. लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, वजन म्हणावं तसं वाढलं नाही, नीट पिते ना? "झोपते खूप," भैरवी म्हणाली, आणि हे आपण अभिमानानं सांगितलं हे तिला घरी येताना जाणवलं. त्यानंतर ती बघू लागली. ऋचा दूध ओढता ओढता मधेच सुटायची, ओठ उघडेच राहायचे. तळपायाला टिचकी मारली तर पाय आखडायची, पण डोळे उघडायची नाही. उघडलेच तर नजर कुठे ठरायची नाही. दूध छातीत साचून दगड व्हायचं, भैरवी वाटीत पिळून टाकायची.

एका दुपारी तिला तहान लागून जाग आली. बाळाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून तिला धनीबाईची पाठ दिसली. ती पाळण्यावर वाकली होती आणि तिचं बोट बाळाच्या तोंडात होतं.

"काय देताय?" भैरवीनं विचारलं.

धनीबाई दचकली नाही. पदराला बोट पुसत म्हणाली, "मध. जराकसा."

"डॉक्टरांनी नाही म्हटलंय मध."

"बरं. नाई देत."

पण त्या दिवसापासून दुपारी दार लोटलेलं नसे. आतून कडी असे.

भैरवीनं श्रेयसला सांगितलं. तो बूट घालत होता. "भैरवी, महिनाभरापूर्वी तू म्हणत होतीस, ही का रडते. आता म्हणतेस, ही का रडत नाही."

"मला भीती वाटते रे."

"झोप झाली नं तुझी, म्हणून आता डोक्यात हे सुरू झालं." तो वाईट बोलला नव्हता. तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. पण तो हात आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवतात तसा होता.

शुभदाताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळंतपणात मन हळवं होतं गं. मलाही श्रेयसच्या वेळी वाटायचं, सगळे त्याला माझ्यापासून तोडताहेत."

हे भैरवीला खोडता येईना, कारण त्यात काही खरंही होतं. ऋचा तिच्याजवळ कुरकुरायची आणि धनीबाईच्या मांडीवर जाताच थांबायची. आपण जळतोय, आणि जळण्याला भीतीचं नाव देतोय, असं तिला वाटू लागलं. ती दिवसभर धनीबाईच्या मागे मागे राहू लागली. धनीबाई दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेली की ही खिडकीत. धनीबाई स्वयंपाकघरात गेली की ही दारात. दोघी एकमेकींशी गोड बोलत होत्या, आणि दोघींनाही कळलं होतं की काहीतरी बदललंय.

मग भावसिंगच्या मुलाचं जावळ निघालं आणि धनीबाई दोन दिवस तांड्यावर गेली. पहिला दिवस ऋचा झोपूनच होती. दुसऱ्या सकाळी ती ओरडत उठली आणि भुकेल्या वासरासारखी दूध प्यायली. पिऊन झाल्यावर तिनं भैरवीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नुसतं डोळे उघडणं नव्हतं ते, ती पाहत होती. कपाळावरून हनुवटीवर, हनुवटीवरून पुन्हा डोळ्यांत. आपल्या मुलीचे डोळे आपण आज पहिल्यांदा बघतोय, असं भैरवीला वाटलं. त्यानंतर मात्र ऋचा जी रडायला लागली ती थांबेना. शुभदाताई म्हणाल्या, "बघितलंस? ती नाही तर काय होतं ते."

धनीबाई परत आली ती तांड्यावरचा बुंदीचा लाडू घेऊन. आल्याआल्या दुपटी धुवून गच्चीवर गेली. भैरवीनं तेवढ्यात तिची पिशवी उघडली. एक लुगडं, फणी, तंबाखूची डबी, मुलाच्या लग्नातला फोटो. तळाशी हात घालून चाचपलं. काही नव्हतं. मान वर केली तर धनीबाई दारात उभी होती, रिकामी बादली हातात.

"काई हरवलं का ताई?"

"नाही."

"पाहा नं नीट. मी भाईर थांबतो."

ती खरंच बाहेर जाऊन थांबली. भैरवीनं लुगड्याची घडी नीट केली, पिशवी होती तशी ठेवली आणि आपल्या खोलीत जाऊन पडली. लाजेनं तिचे कान तापले होते. खूप दिवसांनी तिला त्या दुपारी गाढ झोप लागली.

जाग आली ती छाती दाटून आल्यानं. उन्हं खिडकीतून आत सरकली होती. घरात अजिबात आवाज नव्हता. ती उठून बाळाच्या खोलीशी गेली. दार आज उघडंच होतं. धनीबाई पाळण्याशी बसली होती आणि ऋचाचे तळवे चोळत होती. भरभर, थांबून, पुन्हा भरभर.

"उठून नाई राह्यली," धनीबाई म्हणाली.

भैरवीनं मुलीला उचललं. मान मागे कलंडली. पाय गार होते. ओठांभोवतीचा रंग वेगळाच होता, आणि छाती वर येत होती, पण दोन श्वासांच्या मध्ये फार वेळ जात होता.

शेजारच्यांनी रिक्षा थांबवली. शुभदाताई जिन्यापर्यंत आल्या, गुडघ्यामुळे उतरता आलं नाही, तिथूनच श्रेयसला फोन लावत राहिल्या. रिक्षात भैरवीनं ऋचाला छातीशी घट्ट धरलं होतं आणि तिच्या कानाशी नाव घेत होती. धनीबाई सीटच्या कडेला अंग चोरून बसली होती. दारव्हा रोडवर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, रिक्षा त्यांच्यामधून वाट काढत होती. धनीबाई सारखी स्वतःशीच "याडी, याडी" म्हणत होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ऋचाला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, नर्सला ऑक्सिजन आणायला सांगितला. "ताप होता? आकडी आली होती?"

"नाही."

"काही दिलंय का बाळाला? औषध, घुटी, काहीही?"

तेवढ्यात श्रेयस धापा टाकत आत आला. त्यानंच उत्तर दिलं. "काही नाही दिलेलं मॅडम. आमच्या घरी असलं काही चालत नाही."

भैरवीनं मागे वळून पाहिलं. धनीबाई भिंतीला टेकून उभी होती. तिथून दार दोन पावलांवर होतं आणि बाहेर रस्ता होता. त्या क्षणी कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती निघून गेली असती तर संध्याकाळपर्यंत कुणी शोधलं नसतं.

ती पुढे आली. कमरेच्या बटव्यातून तिनं एक लहानशी बाटली काढली आणि टेबलावर, बाळाच्या पायाशी ठेवली.

"हे देलं मी," ती म्हणाली. "रोज देतो. आज रडणं थांबत नव्हतं म्हून जास्तीचं देलं."

डॉक्टरांनी लेबल वाचलं. सर्दी-अॅलर्जीचं औषध होतं, मोठ्या मुलांचं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. "किती दिलं? खरं सांगा."

धनीबाईनं बाटलीवर बोट ठेवून दाखवलं. "इथून इथलोक."

डॉक्टर वळल्या आणि भराभर सूचना देऊ लागल्या. श्रेयस धनीबाईकडे धावला, नर्सनं त्याला अडवून सगळ्यांना बाहेर काढलं.

संध्याकाळी ऋचा बारीकसं रडली. काचेपलीकडून तो आवाज ऐकून भैरवी खाली बसली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "धोका टळलाय. पण रात्रभर इथेच ठेवू." मग म्हणाल्या, "ती बाटली समोर आली नसती तर आम्ही मेंदूचा ताप धरून चाललो असतो. तपासण्यांत वेळ गेला असता. तेवढा वेळ बाळाकडे होता की नाही, सांगता येत नाही."

धनीबाई बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसली होती. श्रेयसनं पोलिसांना बोलवायचं ठरवलं होतं. त्याआधी तो तिला विचारत होता, "कुणी शिकवलं तुला हे? बाटली कुणी दिली?"

"कोनं नाई. मीच आनली मेडिकलातून."

"तुला वाचता येत नाही. नाव कुणी सांगितलं?"

"कोनं नाई."

त्यानं परत परत विचारलं, ती तेच म्हणत राहिली. भैरवी बाहेर आली तेव्हा धनीबाई उठून उभी राहिली.

"का दिलंत?" भैरवीनं विचारलं.

"झोपाचं औषध होये, मले तेवढंच ठाव होतं. लेकरू बी झोपन, तुमी बी झोपान. तुमी पह्यल्या दिवशी कशा दिसत होत्या ताई, तुमाले नाई ठाव."

"मी मध विचारलं तेव्हा खोटं का बोललात? कडी का लावलीत?"

धनीबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. म्हणाली, "तुमी नाई म्हनलं असतं. आन् ते पुन्हा रडलं असतं. मंग मले कायले ठेवता?"

भैरवीला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तिचा हात खरंच उचलला गेला होता, असं तिनं नंतर सांगितलं. पण ती म्हणाली ते वेगळंच होतं. "तुम्ही घरी जा. आत्ता जा."

श्रेयस यावरून बरेच दिवस भैरवीशी नीट बोलला नाही. तक्रार का करू दिली नाही, हे तिला समजावून सांगता येत नव्हतं. धनीबाईला माफ केलं, असं तर मुळीच नव्हतं. ऋचाला घेऊन ती शहरातल्या डॉक्टरांकडे तपासण्या करत होती, ऐकू येतं का, नजर बरोबर आहे का, मान वेळेवर धरते का. प्रत्येक वेळी डॉक्टर ठीक आहे म्हणायचे आणि प्रत्येक वेळी तिचा राग नव्यानं उसळायचा. तरी त्या दवाखान्यातलं दोन पावलांवरचं दार तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

एक दिवस शुभदाताई तिच्या खोलीत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मी ती बाटली पाहिली होती गं. तिच्या बटव्यातून डोकावताना. विचारलं नाही."

"का?"

"घर शांत होतं."

शुभदाताईंनी त्या दिवसापासून गुडघा दुखत असूनही ऋचाला दुपारी स्वतः सांभाळायला सुरुवात केली. ऋचा रडायची. त्या तिला खांद्यावर टाकून घरभर लंगडत फिरायच्या. हळूहळू रडण्याचा जोर वयानंच ओसरला, जसा बहुतेक मुलांचा ओसरतो.

ऋचा रांगायला लागली होती तेव्हा भैरवीला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज बाईचा होता, शिकलेल्या, जरा घाईत असलेल्या.

"मी पुसदहून बोलतेय. तुमच्याकडे धनीबाई आडे कामाला होती का?"

"होती."

"ती माझ्या दारात येऊन बसलीय. आज दुसऱ्यांदा. मला बाळ झालंय नुकतंच, आणि ती काहीतरी भलतंच सांगतेय. म्हणे तुमचं बाळ मरता मरता वाचलं. तुमचा नंबर तिनंच दिला. खरं आहे का हे?"

"खरं आहे," भैरवी म्हणाली. "पण ती तुम्हाला का सांगतेय?"

पलीकडे बाळ रडत होतं.

"माझ्या मोठ्याला तिनंच सांभाळलं होतं," बाई म्हणाली. "तेव्हा मी बँकेची परीक्षा देत होते. एका मैत्रिणीनं मला ते औषध सांगितलं होतं. अमेरिकेतही देतात म्हणाली. मी धनीबाईला दाखवलं, कसं द्यायचं ते. त्याला तर काही झालं नाही."

भैरवी पलंगावर बसली. धनीबाईनं ते औषध पुसदच्या त्या घरी, या बाईच्या हातून शिकलं होतं. आणि व्हरांड्यात, पोलिसांची भीती समोर असताना, ती 'कोनं नाई' म्हणत राहिली होती.

"आत्ताच्या बाळाला देताय का?" भैरवीनं विचारलं.

उत्तर आलं नाही. मग भैरवीनं त्या दुपारचं सगळं सांगितलं. गार पाय, कलंडलेली मान, दोन श्वासांमधलं अंतर. सांगताना तिचा आवाज चढला नाही. पलीकडची बाई शेवटपर्यंत ऐकत होती. मग फोन बंद झाला.

त्यानंतरच्या एका रविवारी भैरवी ऋचाला घेऊन दिग्रसच्या गाडीत बसली. श्रेयसनं कुठे चाललीस विचारलं, तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मी येणार नाही." पण स्टँडपर्यंत गाडीवर सोडून गेला.

धनीबाई तांड्याजवळच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. रविवार असला तरी मुलं तिथंच राहायची, त्यामुळे चुली पेटलेल्या होत्या. भैरवीला पाहून ती उठली, हात पदराला पुसले आणि जिथं होती तिथंच उभी राहिली. ऋचाकडे तिनं आधी पाहिलंच नाही. मग पाहिलं.

"चालते?"

"धरून चालते."

"बोलते?"

"बडबडते खूप."

धनीबाईनं मान हलवली आणि चुलीतली लाकडं मागे ओढली. दोघी ओट्यावर बसल्या. भैरवीनं सरळच विचारलं.

"पुसदच्या बाईंचं नाव तेव्हा का सांगितलं नाही?"

"सांगून काय झालं असतं? त्यायनं थोडीच तुमच्या लेकराले देलं. देलं मी." तिनं चुलीकडे पाहिलं. "आन् त्यायच्या घरचं मीठ खाल्लं. घरातलं भाईर काढाचं नसते."

"पण नंतर गेलात नं त्यांच्याकडे?"

"गेलती. भावसिंगच्या मित्रानं सांगतलं का तिले दुसरं झालं म्हून. पह्यल्यांदा फाटकातूनच काढलं. दुसऱ्यांदा तुमाले फोन लावला. तिसऱ्यांदा गेलती तं आत बोलावलं. बाटली आनली, माह्यासमोर मोरीत वतली. मंग म्हने, चहा घेता का."

"घेतला?"

"घेतला नं."

ऋचा भैरवीच्या मांडीवरून उतरून ओट्याच्या कडेला धरून उभी राहिली होती. तिथल्या पितळी परातीवर तळवे आपटत होती. धनीबाई तिच्याकडे बघत होती, पण हात पुढे करत नव्हती.

"आता कोणाकडे जाता का कामाला?" भैरवीनं विचारलं.

"लोक बलावतात. मी नाई जात. रडते लेकरू तवा माहे हात काई करू पाहतात, ताई. त्यायचा भरवसा नाई आता." मग तिनं पहिल्यांदा भैरवीच्या डोळ्यांत पाहिलं. "मले एक सांगा. तवा पोलिसात काहून नाई देलं?"

भैरवीनं खूप विचार केला होता यावर, महिनोन्महिने. पण त्या ओट्यावर तिला एकच खरं उत्तर सुचलं.

"तुम्ही पळाला नाहीत म्हणून. आणि दुसरं म्हणजे, शांतता मलाही हवी होती. मी कधीच विचारलं नव्हतं, ती कुठून येते."

आतून एका मुलीनं भाजी लागतेय म्हणून हाक मारली. धनीबाई उठून गेली आणि परत आली तेव्हा एका ताटलीत भाकर आणि गरम वरण होतं. ते तिनं ऋचासमोर न ठेवता भैरवीच्या हातात दिलं.

"तुमीच भरवा," म्हणाली.

भैरवीनं भाकर वरणात कुस्करली, फुंकर घातली आणि ऋचाला घास भरवला. तिनं अर्धा गिळला, अर्धा हनुवटीवर ओघळू दिला. धनीबाई दारात उभी राहून ताटली रिकामी होईपर्यंत बघत होती. गाडीची वेळ झाली तेव्हा ती त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली.

श्रेयसला अजून तिचं नाव काढलेलं आवडत नाही. भैरवी दिवाळीला तिला फोन करते. दोघी ऋचाबद्दल बोलतात, भावसिंगच्या मुलाबद्दल बोलतात, कापसाच्या वेचणीबद्दल बोलतात. त्या दुपारबद्दल पुन्हा कुणी बोललेलं नाही.